कुठलाही ट्रान्झिस्टर चालला पाहिजे

श्रीमती आंजेलिन रॉड्रिग्ज, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या टीचर, यांची आणि माझी पहिली भेट आमच्या वाडीच्या देवळात झाली. भजनी सप्ताह चालू होता आणि भर दुपारी लाऊडस्पीकर बंद पडला. भजन काही थांबलं नाही, पण पुढच्या पाळीची माणसं आवाज ऐकूनच घरून निघायची. आवाज नाही म्हटल्यावर चौकशीला पोरं धावू लागली, टाळकरी कावले, आणि ज्याने मशीन भाड्याने दिलं होतं तो गोव्याला लग्नाला गेलेला. तेवढ्यात कुणीतरी चर्चच्या बाजूला राहणाऱ्या, तांत्रिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंना घेऊन आलं. फुलाफुलांचा फ्रॉक, कानात बारीक कुड्या, हातात एक पिशवी. चपला बाहेर काढून त्या सभामंडपाच्या कडेला बसल्या आणि आधी चहा मागितला.

मी त्या वाडीत नवीन लग्न होऊन आलेली. चहा न्यायला मला पुढे केलं, आणि टीचरांनी कपाबरोबर मलाही थांबवून घेतलं. 'हात पुढे कर' म्हणाल्या आणि अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्माचा दोष. मी विचारलं, एवढ्याशा काळ्या तुकड्यात एवढा मोठा आवाज मावतो कसा? त्यांनी मान वर केली नाही. सोल्डरिंग आयर्न पुसत त्यांनी मला उलट विचारलं, देवापुढे वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा किती जोरात बोलतो? मी म्हटलं, बेताचाच, कधी कधी तर पुटपुटतो.

"आणि 'व्हय म्हाराजा' कोण म्हणता?"

"सगळी वाडी."

"मगे मोठो आवाज कोणाचो? वाडीचो. हंय तसाच गो. बेसातलो बारको करंट फक्त सांगता. मोठो करंट आधीच थंय उभो आसता, ह्येच्या सांगण्याची वाट बघत."

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाची पहिली चूक इथेच होते. त्याला वाटतं, ट्रान्झिस्टर, म्हणजे तो काळा तुकडा, लहान प्रवाह घेतो आणि फुगवून मोठा करून देतो. ट्रान्झिस्टर काहीही फुगवत नाही. त्याला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमधून जाणारा थोडासा प्रवाह कलेक्टरमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा ते ठरवतो, आणि तो मोठा प्रवाह येतो बॅटरीतून किंवा पॉवर सप्लायमधून. बेसच्या किती पट कलेक्टरमध्ये, त्याचं नाव गेन. वाडी हजर नसेल तर गाऱ्हाणं घालणाऱ्याने घसा फोडला तरी 'व्हय म्हाराजा' येणार नाही, आणि वाडी आधीच पूर्ण जोरात ओरडत असेल तर त्याने आणखी जोर लावून उपयोग नाही. हे सगळं मला देवळात कळलं असं मी म्हणणार नाही. स्पीकर सुरू झाला, टाळकरी खूश झाले, टीचर पिशवी उचलून चालू लागल्या आणि माझं मात्र त्या दिवसापासून स्वयंपाकात लक्ष लागेना.

टीचरांचा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीने मला कळवलं आहे की लेख शांतपणे, कार्य आणि मूल्ये अशा क्रमाने लिहावा. समितीतले सगळे माझेच वर्गबंधू आहेत, त्यांना माझा स्वभाव माहीत आहे, तरी त्यांनी हे लिहिलं. क्रम मी पाळीन. शांतपणाचं काही सांगता येत नाही. माणसाची पंच्याहत्तरी झाली की त्याला शाल द्यायची, नारळ द्यायचा, त्याच्यावर पुस्तक काढायचं, आणि मग तो माणूस बसून राहील अशी सोय करायची, ही आपली रीत मला पहिल्यापासून खटकते. त्यात टीचरांनी स्वतःच जाहीर करून टाकलं की पंच्याहत्तरी झाली की त्यांच्या घरचा शनिवारचा वर्ग सुजाताने घ्यायचा. सुजाता म्हणजे मी. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. हा वर्ग टीचरांवर उभा आहे. त्या उठल्या तर तो बसेल, ही भीती मनात ठेवून मी हे लिहिते आहे आणि तसं स्वच्छ सांगून टाकलेलं बरं.

तर कार्य. टीचरांनी तांत्रिक शाळेत उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि निवृत्तीच्या पुढच्याच शनिवारी आपल्या घराच्या मागल्या पडवीत बाकं मांडली. यायचं त्याने यावं, एवढीच अट. शाळा सुटलेले आले, बागायतदार आले, होडीवरचे तांडेल आले. मी आले ती मात्र सरळ आले नाही. आमच्या सासूबाई माणूस चांगल्या, पण सुनेने परपुरुषांच्या घोळक्यात बसून तारा जोडायच्या हे त्यांच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. मी घरात विषय काढला आणि दोन दिवस आमच्याकडे भांड्यांचेच आवाज झाले.

हे टीचरांना कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. एका सकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. सासूबाईंशी त्यांनी सुरमईचा भाव काढला, बांगडा यंदा कसा रुसला ते बोलल्या, तिरफळं कुठे चांगली मिळतात ते विचारून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचं नाव नाही. मी आत जळत होते. उठता उठता म्हणाल्या, "माझे डोळे आता बारीक कामाक पुरत नाय. शनिवारी सुजाताक जरा धाडशात? माका हात व्हयो." आता अडल्या माणसाला हात द्यायला कोण नाही म्हणणार? सासूबाईंनी मला स्वतः धाडलं, वर सोबत सोलकढीची बाटली दिली. टीचरांचे डोळे त्या वेळी गरुडासारखे होते. पुढे मी बाजारात दुरुस्तीचं दुकान काढलं, मिक्सरपासून होड्यांवरच्या वायरलेस सेटपर्यंत सगळं उघडू लागले, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या त्या सासूबाईच. आपल्यामुळेच हे झालं अशी त्यांची समजूत होती, आणि टीचरांनी ती कधी मोडली नाही.

आता मूल्ये. हा शब्द टीचरांच्या तोंडून मी ऐकलेला नाही, म्हणून जे घडलं ते सांगते. आमच्या वर्गात वेंगुर्ल्याची शकुंतला होती. काजूच्या कारखान्यात गर निवडायचं काम तिने बरीच वर्षं केलेलं. अख्खा गर वेगळा, तुकडा वेगळा, डागी वेगळा, तिचे हात झोपेतही प्रतवारी करतील. टीचरांचा पहिला पाठ ठरलेला असे: ताटलीत एकाच नंबरचे पुष्कळ ट्रान्झिस्टर ओतायचे आणि प्रत्येकाने एकेक उचलून मल्टिमीटरच्या गोल भोकांत पाय घालून त्याचा गेन मोजायचा. एकाचा येतो सव्वाशे, शेजारच्याचा अडीचशे. मग भांडण. मीटर बिघडलं, माल नकली, दुकानदाराने फसवलं. नवशिक्याला हे पटतच नाही की एकाच कारखान्यातून, एकाच नंबराने निघालेल्या दोन ट्रान्झिस्टरांचा गेन सारखा नसतो, आणि तरी दोन्ही निर्दोष असतात.

शकुंतलाला ते लगेच पटलं. काजूचं तिला माहीत होतंच. तिने गुपचूप सगळी ताटली मोजून काढली आणि तीन डब्यांत प्रती लावल्या. उंच गेनचे एक नंबर, मधले दोन नंबर, बाकी डागी. देवगडचे आमचे दोन आंबेवाले तर हरखूनच गेले. हापूसची पेटी भरताना वरचा थर कसा लावायचा हे त्यांच्या रक्तात आहे. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, वर्गाने केलेला अ‍ॅम्प्लिफायर लावायचा होता, त्यात सगळे एक नंबरी ट्रान्झिस्टर घातले गेले. खरं सांगायचं तर आवाज छान लागला. सकाळी लागला. दुपारी मांडवाच्या पत्र्याखाली मशीनची पेटी तापली, ट्रान्झिस्टर तापला की गेन आणखी वाढतो, आणि फादर प्रवचन करताहेत की कुणी पत्र्याच्या डब्यात बोलतंय हे कळेना. गर्दीत एक ट्रान्झिस्टर बदलायला घेतला तर एक नंबरातला शिल्लक नाही. दुसरा घातला, तेव्हा आवाज घोगरा झाला. लोक हसले. शकुंतला मांडवामागे जाऊन रडली.

पुढच्या शनिवारी आम्ही बोलणी खायच्या तयारीने गेलो. टीचरांनी शकुंतलाच्या तिन्ही डब्या मागून घेतल्या, सगळे ट्रान्झिस्टर परत एका ताटलीत ओतले आणि तांदूळ कालवावेत तसे हाताने कालवले. शकुंतलाचा जीव तीळतीळ तुटला असणार.

"हातात बरा कसब आसा गो तुझ्या," त्या तिला म्हणाल्या. "पण बाजारात उद्या ह्येच नंबराचो दुसरो गावलो, तर तुझा सर्किट रडत बसतला? खयचोय घाल, चलाक व्हयो."

मग त्यांनी फळ्यावर एमिटरच्या पायाशी एक रेझिस्टर काढला आणि बेसला दोन रेझिस्टरांचा आधार दिला. प्रवाह वाढू लागला की एमिटरच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, त्यामुळे बेसला मिळणारा जोर आपोआप कमी होतो आणि प्रवाह पुन्हा जागेवर येतो. थोडा आवाज यात जातो, तो जाऊ द्यायचा. बदल्यात सर्किट कुणा एका ट्रान्झिस्टरच्या मेहेरबानीवर राहत नाही. त्या दिवसापासून परीक्षा एकच. ज्याचं सर्किट पुरं होईल त्याच्याकडे टीचर येत, त्याने निवडून लावलेला ट्रान्झिस्टर काढत, डोळे मिटून ताटलीतला कुठलातरी उचलून घालत आणि कान देऊन ऐकत. चाललं तर पास. शकुंतलाला त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. कच्चा सोल्डर हुडकायचं काम तिच्याकडे दिलं, आणि तिच्या नजरेतून सुटलेला जोड मी तरी पाहिला नाही. आज वेंगुर्ल्यात ती स्वतःच्या घरी मुलींना शिकवते.

टीचर संत आहेत असं या पुस्तकात कुणी लिहिलं असेल तर ते खोडावं. त्या हट्टी आहेत. कुणी 'ट्रान्झिस्टर आवाज वाढवतो' म्हटलं की त्यांचा पारा चढतो, आणि कौतुक केलं तर त्याहून चढतो. या ग्रंथाचा विषय समितीने त्यांच्यापुढे काढला तेव्हा त्यांनी समितीला कोकम सरबत दिलं आणि दार दाखवलं. माझ्यापुरतं सांगायचं तर वर्ग सोडण्याबद्दल मी त्यांच्याशी वर्षभर भांडते आहे. तब्येत चांगली आहे, डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, आवाज खणखणीत आहे, मग कशासाठी? एका शनिवारी मी नेहमीसारखी पडवीत पोचले तर फळा पुसलेला, ताटली मांडलेली, वर्ग भरलेला, आणि टीचर घरात नाहीत. शेजारणीने निरोप दिला, बहिणीकडे गेल्या आहेत, सुजाताला घ्यायला सांगितलंय.

मी घेतला. वाईट घेतला. एक सांगताना दुसरं आठवायचं, खडू मोडायचा, मध्येच उठून पंखा बघायला जायचं. त्यात फोंडाघाटचे राणेकाका. आयुष्यभर बसगाडी चालवून निवृत्त झालेले, पहाटेच्या गाडीने येणारे, कमी बोलणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माका एक सांगा. सर्किट गेनावर अवलंबून ऱ्हवाचाच नाय, तर मगे तो मोजूचो कित्याक?"

इतकी वर्षं मी या पडवीत येते आहे, शेकडो वेळा गेन मोजला आहे, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी काहीतरी पुटपुटले, पुढच्या शनिवारी बघू म्हणाले, आणि वर्ग सुटल्या सुटल्या टीचरांच्या बहिणीचं घर गाठलं. टीचर खळ्यात कोकमं वाळत घालत होत्या. मी चप्पलही न काढता बोलत सुटले. हे मला झेपणारं नाही, लोक यायचे बंद होतील, तुमचं एवढ्या वर्षांचं काम माझ्या हातून मोडेल, आणि मला ते बघवणार नाही. माझा आवाज चढला होता. बहीण बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली.

टीचरांनी सगळं ऐकून घेतलं. राण्यांचा प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि तो ऐकून त्यांना इतका आनंद झाला की मला त्यांचा राग आला. म्हटलं, उत्तर तरी सांगा.

"माका इचारून तुका उत्तर गावात," त्या म्हणाल्या. "पण इचारूक मी गावलंय नाय, तर मगे काय करशीत? ताटली तुझ्याकडे आसा. मोजून बघ."

त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकांचे मिक्सर तसेच पडले. मी एकच सर्किट मांडलं आणि त्यात ताटलीतला एकेक ट्रान्झिस्टर घालून बघत सुटले. अडीचशेवाला, दोनशेवाला, सव्वाशेवाला, कशालाच फरक पडेना. मग जुन्या भंगार रेडिओतून काढलेले अगदी कमी गेनचे मरतुकडे घालून बघितले. तिथे मात्र सर्किट खचलं. बेसच्या आधारावर इतका भार आला की व्होल्टेज उतरलं आणि आवाज बसला. म्हणजे एका मर्यादेखाली चालत नाही, मर्यादेच्या वर सगळे सारखे. मी एकटीच दुकानात मोठ्याने हसले, समोरच्या चहावाल्याने वाकून बघितलं.

शनिवारी मी राणेकाकांना उभं केलं आणि सांगितलं की गेन मोजायचा तो पुरेसा आहे की नाही एवढं बघायला. पुरेसा असला की मग तो सव्वाशे आहे का अडीचशे, हे विसरून जायचं. काका विचारात पडले, मग म्हणाले, "आता पटला." मागून एकाने दुसरा प्रश्न काढला, त्यावर शकुंतलाच्या शिष्येने हरकत घेतली, तिघे फळ्यापाशी आले, खडू माझ्या हातातून गेला आणि पडवीत असा गलका झाला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी टीचर बहिणीकडून परतल्या होत्या. मागल्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, नवशिक्यांबरोबर बसल्या होत्या. मी राण्यांना उत्तर देत होते तेव्हा त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं, धीर झाला नाही. नंतर गलक्यात विसरले. आम्ही सगळेच विसरलो. पुष्कळ वेळाने कुणाला तरी ताटली हवी होती म्हणून मी मागे वळले, तर बाक रिकामं. कधी उठल्या, कुठल्या दाराने गेल्या, कुणालाही सांगता येईना. ज्या बाईंनी ही पडवी उभी केली त्या आमच्यामधून उठून गेल्या आणि आमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं. मला भर वर्गात रडू आलं. राग आला, लाज वाटली, आणि त्याच वेळी पक्कं कळलं की त्यांना नेमकं हेच हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं.

टीचर, समितीने सांगितलं आहे की शेवटी शुभचिंतन करावं. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो. गुडघे धड राहोत, डोळ्यांना बारीक अक्षर दिसो, सकाळची चर्चमधली मिस्सा आणि संध्याकाळचा किनारा चुकू नये. वर्गाचा घोर तुम्ही लावून घेऊ नका. तो आमच्याकडे आहे आणि चालू आहे. शनिवारी वाटलं तर या, नाही वाटलं तर नका येऊ. पण याल तेव्हा मागल्या दाराने अशा गुपचूप उठून जाऊ नका. आमचं बोलणं तोडा, गलका थांबवा, आणि आपल्याकडे घरातून निघणारा कुणीही उंबरा ओलांडताना 'जातंय' न म्हणता म्हणतो तसं, 'येतंय' एवढं म्हणून जा.